राखणीचा दगड

कराची, २० जानेवारी १९४६

तर मग कौलंच खावा की आबा. चावडीवर मंगळुरी कौलं घातली, लांबनं लालभडक दिसत्यात, वडूजच्या बाजाराला जाणारा माणूस गाडी थांबवून बघतो, असं तुमीच कवातरी लिवलं हुतं. आता लिवता की पाऊस दगा देऊन गेला, जुंधळा गुडघ्याएवढा बी झाला न्हाई, कडबा कुठनं आणावा कळंना. बैलांच्या म्होरं एकेक कौल टाका. आमच्या पगाराची हायती ती, गोडच लागतील.

वर तीर्थरूप लिवलं न्हाई, हे बघितलंच असंल. इसरलो न्हाई. मनात येईल त्या दिवशी लिवीन.

तुमी म्हणता, दोन वरसं झाली, आता तरी त्यो इषय सोड. कसा सोडू? भैरोबाच्या डोंगरावर आमी चार राखणदार हुतो. माघापासनं मिरगापतोर वणव्याची राखण, महिना आठ रुपये. निम्मे पैसे संस्थान द्यायचं, निम्मे गाव. संस्थाननं लढाईचं नाव सांगितलं आणि आपला निम्मा हिस्सा बंद केला. बरं, केला. राजवाड्याशी भांडायला मी कोण? पण गावाचा निम्मा तर हातात हुता! चाराच्या जागी दोन माणसं त्यात राहिली असती. राजानं गावचा कारभार गावाच्या हातात दिला, लोकांनी तुमाला सरपंच केलं, गुलाल उधळला, मी सोता तुमाला खांद्यावर घेऊन नाचलो. आणि तुमच्या पहिल्या साली तुमी काय केलं?

पिंपळाच्या पारावर उभं राहून इचारलं, "मागल्या तीन वरसांत डोंगराला किती येळा आग लागली?"

लोक म्हणाले, "एकदा बी न्हाई."

"मग ही राखण कशाची करतोय आपण?"

लोक हसले. लालासाहेब काकानं मांडीवर थाप मारली. पंचायतीत तुमच्या खालोखाल त्यांचाच आवाज, आणि चावडी गळती म्हणून कौलांचा घोर त्यांनाच लय. राखण बंद करून त्यो पैसा कौलांना घालायचा म्हणून सगळ्यांचे हात वर झाले. रंगूआजीला तर ऐकू येत न्हाई, तिनं शेजारणीचा हात बघून आपला वर केला. मी मागनं वरडलो, "आबा, आग लागली न्हाई ती आमी हुतो म्हणून!" तुमी काय म्हणाला, आठवतंय का? "ज्याचा पगार जातोय त्यो वरडणारच." भर सभेत, पोटच्या पोराला. पगारासाठी वरडलो असतो तर आठ रुपयाला कुणीबी ठेवून घेतलं असतं. हितं बंदरात मी त्याच्या पाचपट मिळवतोय. मी डोंगरासाठी वरडलो हुतो.

असो. भांडायला कागद पुरायचा न्हाई, म्हणून कामाचं लिवतो. डोंगराभवती जाळपट्टा अजून मारला नसंल तर आताच मारा. आमी करायचो तसं. सकाळच्या पारी गवताच्या बुडाला दंव असतंय, तवाच दहा हात रुंद पट्टा जाळत जायचं, मागनं निरगुडीच्या वल्या डहाळ्यांनी इझवत जायचं. गवत वलं असतंय म्हणून आग पट्ट्याच्या बाहेर पळत न्हाई. मग उन्हाळ्यात खालनं वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन मरतो. दंव थांबलं की मग कुणाची छाती हुत न्हाई काडी लावायची. थोडे दिवस राहिल्यात. पैसा नसंल तर गावकी लावून करा, घरटी एक माणूस. अवंदा कडबा न्हाई म्हणजे डोंगराचं गवत हाच सगळा कडबा. येवढं तरी ऐका.

मी बरा हाय. आयला सांगा, भाकरी मिळती. जुंधळ्याची न्हाई, बाजरीची.

जोतीराम

*

कराची, ३ मार्च १९४६

आबा,

तुमचं उत्तर पोचलं. "पट्टा झाला नाही. माणसे नाहीत. तू मला शिकवू नकोस." पलटणीतनं हवालदार होऊन आला तवापास्नं तुमी पत्र लिवता का तार करता, तेच कळत न्हाई.

माणसं न्हाईत हे खरं असंल. निम्मी माधवनगरच्या गिरणीत गेली, निम्मी नदीकाठाला ऊस तोडाया. पण तुमी हात वर करा म्हणाला असता तर हुती ती माणसं उठली असती. तुमच्या सांगण्यानं उठणारं गाव हाय ते. तुमीच म्हणाला न्हाई.

अर्जुनाचं बी पत्र आलं. त्यो रोज दुपारी भैरोबाच्या दगडापाशी फुकट जाऊन बसतो म्हणं. माझ्या बरोबरचा राखणदार, त्याला सवय लागली हाय, घरी करमत न्हाई. त्यानं चावडीत जाऊन आमचं जुनं शिंग मागितलं. आग दिसली की डोंगरावरनं फुंकायचं ते. तर लालासाहेब काका म्हणाले, "शिंग पंचायतीच्या मालकीचं हाय. तू पंचायतीचा नोकर हायस का?" आणि कपाटात घालून कुलूप लावलं. आबा, ह्यावर हसावं का रडावं? आमी असताना ते शिंग बाभळीला टांगलेलं असायचं. कुणी चोरलं न्हाई कवा. शिंग चोरून करायचं काय माणसानं?

जतकडचा एक धनगर मेंढरं घेऊन आलाय, नाथाजी नावाचा, त्याला तुमी मेंढीमागं एक आणा घेऊन डोंगराच्या पायथ्याला बसू दिलं, असं बी अर्जुनानं कळवलं. चांगलं केलं. त्यांच्याकडं तर प्यायला पाणी न्हाई. तेवढं एक चांगलं केलं म्हणून लिवतो, नायतर म्हणाल पोरगं नुसतं खोडी काढतं.

मागल्या महिन्यात हितं आरमारातल्या पोरांनी बंड केलं, बंदरात तोफा वाजल्या. आयला सांगू नगा. मी लांब हुतो. म्हणजे अगदी लांब न्हाई, पण बरा हाय.

जोतीराम

*

कराची, २ एप्रिल १९४६

अर्जुनाचं पत्र मास्तरांच्या अक्षरात आलं. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि समजलं, त्याच्या हाताला काय तरी झालं.

तुमी मला कळवलं न्हाई, आबा. दहा दिवस झाले, तुमच्याकडनं एक वळ न्हाई. म्हणून अर्जुनानं सांगितलेलं तुमालाच लिवतो, म्हणजे मला काय काय ठावं हाय ते तुमाला कळंल.

रंगपंचमीला दुपारी गाव रंग खेळत हुतं. इंग्रजांच्या खालसा मुलखाच्या हद्दीकडनं वारं सुटलं आणि दक्षिणेच्या अंगाला धूर निघाला. अर्जुना एकटा. हाका मारल्या, कुणाला ऐकू जाणार? हलगी वाजत हुती खाली. शिंग असतं तर एक फुंकर बास हुती. त्यो चावडीपतोर पळत गेला, किल्ली लालासाहेब काकांच्या करदोट्याला, काका रंगात. किल्ली मिळून शिंग वाजंस्तवर आग निम्म्या डोंगरावर. मधी पट्टा न्हाई, काय न्हाई, नुसतं वाळलेलं गवत. अर्जुना परत वर पळाला तवा तिथं एकच माणूस आग बडवत हुता, त्यो नाथाजी, आपल्या घोंगड्यानं. त्याची कोकरं आत सापडली हुती. दोघांनी मिळून उत्तरेचं अंग वाचवलं. गाव पोचलं ते राख बघायला. अर्जुनाचा उजवा हात बोटांपास्नं कोपरापतोर भाजला. दक्षिणेचं सगळं गवत आणि कापून रचलेल्या गंज्या गेल्या.

हे झालंच. आता म्होरचं ऐकतोय ते झालेलं नसावं, म्हणून घाईनं लिवतोय.

गावात म्हणं असं ठरतंय, की आग नाथाजीच्या चिलमीनं लागली. त्याची मेंढरं पंचायतीनं जप्त करायची आणि इकून कडबा आणायचा. लालासाहेब काका तसा ठराव मांडणार. आणि आपल्या संस्थानात न्याय पंचायतच करती, म्हणजे खुर्चीवर तुमी.

ठिणगी कुठनं आली कुणाला ठावं? चिलमीची असंल, खालसातल्या कुणी बांध जाळला त्याची असंल. ठिणगी तर दर साली येतच हुती, आबा. आमी दर साली इझवत हुतो, आणि खाली येऊन सांगत बी न्हवतो, म्हणून तर तुमाला वाटलं की आग लागतच न्हाई. ठिणगी कुणाची हे इचारू नगा. इझवणारं कुणी काढलं, ते इचारा.

ज्या माणसानं आपलं घोंगडं जाळून तुमचं गवत राखलं त्याची मेंढरं इकायची? त्यो परमुलखाचा, त्याच्या बाजूनं हात वर करणारं गावात कुणी न्हाई, म्हणून? ती मेंढरं गेली की त्याच्या घरात काय उरतंय?

भैरोबाच्या दगडाचं इसरलात का? तुमच्या वडलांचं तुमीच सांगितलेलं हाय मला. त्यांनी शेतात पालापाचोळा पेटवला, वाऱ्यानं डोंगराला लागला. त्यांनी कुणी सांगायच्या आधी आपलं घोंगडं नेऊन दगडावर टाकलं. ज्याच्या चुकीनं डोंगर जळाला त्यानं पाऊस पडंस्तवर दगडावर राखण करायची. पगार न्हाई. वर चूल पेटवायची न्हाई, चिलीम सुदिक न्हाई. भाकरी त्याच्या घरनंच जायची. आणि एकदा घोंगडं पडलं की त्या माणसाला कुणी बोल लावायचा न्हाई, देवाचा राखणदार झाला त्यो. सांगताना तुमची छाती फुगायची आबा, मी लहान हुतो तरी बघितलंय.

आता घोंगडं कुणाचं, ते तुमी ठरवा. मी लांब हाय, माझा काय जोर चालणार? पण नाथाजीची मेंढरं तुमच्या सहीनं गेली तर मी घराचं नाव लावणार न्हाई. हितल्या मुकादमाच्या वहीत नुसतं जोतीराम राहीन. बापाचं नाव इचारलं तर सांगीन, म्हाईत न्हाई.

जोतीराम

*

कराची, २५ एप्रिल १९४६

तीर्थरूप आबांस,

लिवलं.

तुमचं कार्ड आलं. चार वळी. "सभा झाली. मी डोंगरावर आहे. घोंगडी बरी आहे. तंबाखू सोडली." मी दहा येळा वाचलं. काशिराम तांडेल माझ्या खोलीत राहतो, रत्नागिरीकडचा, त्यो म्हणाला, "अरे, तुझा बाप संन्यास घेऊन बसला काय?" मी म्हणालो, थांब. दुसऱ्या दिवशी अर्जुनाचं मास्तरांच्या हातचं सात पानी पत्र आलं. मग खानावळीत बसून मी ते मोठ्यानं वाचलं. मराठी माणसं हुती तेवढी तर ऐकायला बसलीच, पण एक पंजाबी गडी हाय, त्याला काशिराम हिंदीत सांगत गेला. भात वाढणारा बी पळी घेऊन हुबा राहिला.

त्यात हाय ते तुमाला लिवतो. मास्तरांनी पदरचं घातलं असंल तर कळवा. न घातलेलं असूं दे, अशी माझी इच्छा हाय.

पिंपळाखाली सगळं गाव. संस्थानचा अंमलदार बी आलेला, खुर्ची टाकून. नाथाजीला म्होरं हुबा केला. लालासाहेब काकांनी इचारलं, "चिलीम वडतोस का न्हाई?"

नाथाजी म्हणाला, "वडतो की. काल तुमीच दिली न्हवं का."

लोक हसले. काका भडकले. "हसण्यावारी नेऊ नगा! गुरं मराया लागली. ठराव मांडतो, ह्याची मेंढरं पंचायतीनं ताब्यात घ्यावी."

तवा तुमी खुर्चीवरनं उठला. लोकांना वाटलं, बोलायला उठला. तुमी पाराच्या पायऱ्या उतरून खाली गेला आणि नाथाजीच्या शेजारी जाऊन हुबं राहिला, तोंड पाराकडं करून.

"आवं हंबीरराव, तिकडं कुठं?" काका म्हणाले. "तुमची खुर्ची हिकडं हाय."

"खुर्चीवर दुसरा माणूस बसवा," तुमी म्हणाला. "माझी जागा आज हितं हाय. डोंगराची राखण ह्या गड्यानं काढली न्हाई. मी काढली."

काका म्हणाले, "ते एकट्याचं कसं? हात तर समद्यांचेच वर हुते."

"वर झाले ते माझ्या इचारण्यानं. मी इचारलं, आग किती येळा लागली. कुणी इझवली, हे इचारलं न्हाई. तसं इचारलं असतं तर हात वेगळे पडले असते. आणि ज्यानं खरं सांगितलं त्याला मी पगाराचा लोभी म्हणालो. पोरगं माझं हुतं, म्हणून मला ते सोपं गेलं. तुमी त्याचं ऐकलं असतं. मी ऐकू दिलं न्हाई."

आबा, हे वाचताना मी पाणी मागितलं. मिरची लागली म्हणून सांगितलं. काशिरामनं पाणी दिलं आणि पत्र माझ्या हातनं घेऊन म्होरचं त्यानं वाचलं. मालवणी हेल काढून तुमचं बोलणं, ऐकायला पायजे हुतं तुमी.

मग तुमी अंमलदाराकडं वळला. म्हणाला, "साहेब, गावाचा निम्मा मी काढला, त्याचं उत्तर मी दिलं. संस्थानचा निम्मा कुणी काढला?"

त्यो म्हणाला, "लढाईमुळे काटकसर होती."

"लढाई संपून आठ महिनं झालं."

"वरून हुकूम होता."

"मग वरच्याचं नाव सांगा. मी माझं सांगितलं."

अंमलदारानं टोपी काढून पुसली, पुन्हा घातली. हितं खानावळीत पंजाबी गडी टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "शाबास!" त्याच्या पलटणीत तुमच्यासारखा एक सुभेदार हुता म्हणं. मी सांगितलं, आमचे आबा नुसते हवालदार झाले, पण सुभेदाराला भारी हायेत.

मेंढरांच्या ठरावाला मग कुणी हात वर केलाच न्हाई. तुमी घरात गेला, घोंगडं खांद्यावर टाकून बाहेर आला, चिलीम आयच्या हातात दिली आणि चालत डोंगरावर. लोक वाट देत मागं सरले. वयाची साठी झाली, गुडघा बसऱ्याच्या लढाईपास्नं दुखतो, आणि हा माणूस कुणाचा हात न धरता वर चढतो. अर्जुना लिवतो, "जोत्या, तू हवा हुतास. पुन्हा खांद्यावर घेतलं असतंस."

घेतलं असतं.

आयची भाकरी रोज वर जाती हे कळलं. पण रंगूआजीचं वाचून खानावळीत हसूच थांबंना. ती पहिल्याच दिवशी भाकरी आणि ठेचा घेऊन काठी टेकत निम्मा डोंगर चढली. लोकांनी अडवली, "आजी, रीत ठावं न्हाई का? भाकरी घरचीच जायची." तर म्हणाली, "माझा बी हात वर हुता. मग मी घरची न्हाई का?" बहिरी म्हणून आमी हसायचो तिला. सगळ्या गावात तिलाच नीट ऐकू आलं. लालासाहेब काका तवापास्नं मुलीच्या सासरी सांगलीला गेल्यात म्हणं, हवापालटाला. उन्हाळ्यात सांगलीला हवापालट!

नाथाजीनं जाताना आपल्यातलं एक कुत्रं तुमच्यापाशी ठेवलं हे बी चांगलं झालं. धनगर मेंढी एक येळ देईल, कुत्रं देत न्हाई. त्याला शिळी भाकरी घाला, ताजी घातली तर झोपतंय.

माझं म्हणाल तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. काल मालाचा दोर तुटला, पेटी पाण्यात गेली, एकाचा पाय मोडता मोडता वाचला. दोर कुजलेला हाय हे आमी मुकादमाला आठवडाभर सांगत हुतो. आणि त्यानं दंड कुणाला केला? खाली हुब्या राहिलेल्या हमालाला. मला राहवलं न्हाई. म्हणालो, "मुकादम, तुमच्यासारख्याला आमच्याकडं दगडावर बसवत्यात." त्याला काय कळलं न्हाई, पण शिवी असंल असं समजून त्यानं कापला. कापू दे.

वहीत नाव जोतीराम हंबीरराव असंच हाय. ते कवाच पुसलं न्हवतं.

आपला आज्ञाधारक
जोतीराम

*

कराची, २८ मे १९४६

तीर्थरूप आबांस व आयस,

निम्मी मिशी जळली हे तुमी कळवलं न्हाई. आयनं मास्तरांकडनं लिवून घेतलं. उरलेली निम्मी बी काढून टाका म्हणं तिनं सांगितलं, तर तुमी म्हणाला, राहू दे, वाढंल. आबा, मिशी दोन्हीकडनं सारखी करा. सरपंच असा एका अंगानं हिंडतोय, बरं न्हाई दिसत.

दुसरी आग उत्तरेच्या अंगालाच आली म्हणं, खालसाच्याच बाजूनं. उरलंसुरलं गवत तेवढंच हुतं. पण ह्या टायमाला शिंग तुमच्या गळ्यात हुतं. एक फुंकर, आणि गाव डहाळ्या घेऊन वर. बायका बी. वढ्याच्या अलीकडंच मारली. आय लिवती, "ह्यांनी सगळ्यांच्या म्होरं जाऊन बडवली, म्हातारपणाची लाज न्हाई." पण त्या वळीच्या बाजूला मास्तरांनी बारीक अक्षरात लिवलंय, "सांगताना हसत होत्या." मास्तर मोठा चांगला माणूस हाय.

गुरं तगली, आता मिरीग आठ-दहा दिवसावर आला. तुमची राखण फिटंल. घरी याल, चिलीम पेटवाल. आयनं ती धुऊन पुसून फडक्यात बांधून ठेवली हाय, तिनंच कळवलं.

म्होरल्या सालाच्या जमाखर्चाची सभा वर दगडापाशीच झाल्याचं अर्जुनानं लिवलंय. आता त्यो डाव्या हातानं लिवाया शिकतोय, पाक मुंगळे चालल्यागत अक्षर, पण त्याचं त्यानं लिवलंय. तुमी म्हणाला, राखणीची रक्कम पहिली लिवा, बाकी खर्च त्याच्या खाली. लोक म्हणाले, दुष्काळात पैसा कुठनं आणायचा? तुमी म्हणाला, चावडीची कौलं उतरवा आणि इका. तवा म्हणं गावचा सुतार म्हणाला, "आवं, आता ती राहू द्या. रोज वर बघितलं की आठवण राहती." लोकांनी घरटी पट्टी काढली. त्यात एका राखणदाराचा हंगाम निघतो. संस्थानकडनं अजून उत्तर न्हाई. तुमी दर पंधरवड्याला अर्ज धाडताय, आणि दर अर्जाच्या शेवटी तोच सवाल, रक्कम कुणी काढली त्याचं नाव कळवावं. धाडत ऱ्हावा. आमच्या हितले लोक बी इचारत्यात मला, "काय रे जोतीराम, आलं का नाव?" तुमचा अर्ज कराचीच्या बंदरात गाजतोय आणि राजवाड्यात कुणी उघडत न्हाई.

आय इचारती, तू कवा येणार. एवढ्यात न्हाई. बसऱ्याला जाणारी बोट हाय, खलाशाचं काम मिळतंय का बघतो. तुमी ज्या बसऱ्याला बंदूक घेऊन गेला तिथं मी मोकळ्या हातानं जाऊन येतो. माझा पाय एका जागी ठरत न्हाई हे तुमाला ठावं हाय, आता रागावून न्हाई, अंगातच हाय माझ्या. डोंगराचा घोर हुता म्हणून मी रोज घराला शिव्या देत हुतो. आता डोंगराचा घोर न्हाई.

पण एक राखणदार पुरायचा न्हाई. मी पहिल्यापास्नं म्हणतोय, चार न्हाईत तर दोन तरी. एक दगडापाशी, एक वढ्याकडं. दुसऱ्याचा पगार माझ्याकडनं घ्या. आपल्या घरात ठेवू नगा, पंचायतीत भरा, सगळ्यांच्या देखत, आणि दुसरा माणूस म्हणून अर्जुनाला नेमा. कुणी म्हणंल, हात वाकडा झालाय, त्यो काय आग बडवणार? सांगा त्यांना, बडवायला गाव हाय, शिंग फुंकायला तोंड लागतं. शिंग बाभळीलाच टांगा.

महिना आठ, चार महिने. मनीऑर्डर बत्तीस रुपयांची केली हाय.